कांद्याच्या मुळाची स्लाइड: पेशीविभाजन स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी

दहावी-अकरावीच्या पुस्तकात सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, चार अवस्था चार स्वच्छ चित्रांत मांडलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिथे मात्र शेकडो पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक विभागत असल्याचं काही लक्षणच दाखवत नाहीत. मग विद्यार्थी पुस्तकातलं चित्र जर्नलमध्ये उतरवतो आणि मोकळा होतो. हे टाळायचं तर स्लाइड स्वतः करावी. साहित्य साधं आहे: कांदा, तीन-चार रसायनं आणि आठवडाभर आधी केलेली तयारी. प्रयोग फसतो तो सूक्ष्मदर्शक जुना म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा कांदा निवडताना, मूळ कापताना नाहीतर ते मऊ करताना चूक झालेली असते.

कांदाच का? मुळं पटकन फुटतात, पेशी मोठ्या असतात, आणि गुणसूत्रं फक्त १६, तीही चांगली लांब. माणसाची ४६ गुणसूत्रं इतकी लहान आणि दाटीची की त्यांचा आकडा कित्येक वर्षं ४८ धरला जात होता. जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये तो दुरुस्त केला. हे लेवान मुळात वनस्पतींच्या गुणसूत्रांचे अभ्यासक, आणि कांद्याच्या मुळांवर त्यांनी भरपूर काम केलं होतं. लसणाचीही गुणसूत्रं १६च आहेत, त्यामुळे कांद्याने दगा दिला तर लसणाच्या पाकळ्या पाण्यावर ठेवाव्यात.

कांदा कसा निवडायचा

नुकताच काढलेला कांदा घेऊ नये. काढणीनंतर काही आठवडे कांदा सुप्तावस्थेत असतो आणि त्या काळात मुळं फुटायला फार वेळ लागतो. चाळीत दोन-तीन महिने राहिलेला उन्हाळ कांदा उत्तम. वरून किंचित कोंब डोकावत असेल तर आणखी चांगलं. जेवणात नको म्हणून जो कांदा आपण बाजूला काढतो, तोच या कामाचा.

आणखी एक अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. साठवणुकीत कोंब येऊ नयेत म्हणून काही कांद्यांना गॅमा किरणांची सौम्य मात्रा दिलेली असते. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी ‘कृषक’ हे केंद्र उभारलं आहे. अशा कांद्याला कोंब येत नाहीत, कारण वाढीच्या टोकातल्या पेशींची विभागण्याची क्षमताच किरणांनी मोडलेली असते. खायला तो निर्धोक आहे, विभाजन पाहायला मात्र निरुपयोगी. म्हणून एकाच कांद्यावर विसंबू नये. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले पाच-सहा लावावेत.

बुडाशी असलेली वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण खालच्या कठीण चकतीला खोल इजा होऊ देऊ नका. नवी मुळं तिच्यातूनच येतात. कांदा पेल्याच्या तोंडावर असा ठेवा की पाणी बुडाला जेमतेम टेकेल. कांदा लहान असेल तर बाजूंनी तीन टूथपिक टोचून तो तोलता येतो. निम्मा कांदा पाण्यात बुडाला की तो सडतो आणि वास सुटतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, आणि रोज बदला. पेला सावलीत असावा. तीन-चार दिवसांत मुळं दीड ते तीन सेंटिमीटर होतात, तीच हवीत. बोटभर लांब झालेल्या जुन्या मुळांत विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण घसरलेलं असतं.

कापणं आणि स्थिरीकरण

मुळाच्या टोकाला मूलटोपी असते आणि तिच्या लगेच मागे दीड-दोन मिलिमीटरचा विभाजी ऊतीचा, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींचा, पट्टा. पाहायचं ते एवढ्यातच आहे. त्याच्या मागे पेशी फक्त लांबट होत जातात.

कोणत्या वेळी कापायचं? आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत सकाळी ८ ते १० ही वेळ पाळतात आणि सुरुवात तिथूनच करावी. पण मुळांना घड्याळ कळत नाही. तापमान बदललं, कांदा बदलला की विभाजनाचा भर पुढेमागे होतो. म्हणून सकाळी ८, ९ आणि १० वाजता थोडी थोडी मुळं कापून वेगळ्या बाटल्यांत टाका आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने वेळ लिहा. शाईने लिहिलेलं अल्कोहोलमध्ये पुसून जातं.

कापलेलं टोक, साधारण एक सेंटिमीटर, लगेच स्थिरक द्रावणात गेलं पाहिजे. तीन भाग एथिल अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, हे मिश्रण त्याच दिवशी बनवलेलं असावं. ठेवून दिलं की दोन्ही घटक एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि ते कमकुवत होतं. द्रावण मुळांच्या आकारमानाच्या किमान दहापट घ्या. स्थिरक पेशीला क्षणात मारतो आणि जी पेशी विभाजनाच्या ज्या टप्प्यावर असेल तिथेच ती गोठते. मूळ कापून ते टेबलावर पाच मिनिटं पडू दिलं, तर हे टप्पे बिघडायला तेवढा वेळ पुरतो.

२४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. फ्रिजमध्ये ती कित्येक आठवडे चांगली राहतात, म्हणजे अख्ख्या वर्गाचं साहित्य एका सकाळी तयार करून ठेवता येतं. स्थिरकातच पडून राहिलेली मुळं कडक होतात आणि नंतर दाबली तरी पसरत नाहीत.

मऊ करणं

सगळ्या प्रयोगाचं मर्म इथे आहे आणि घाईही इथेच होते. शेजारशेजारच्या वनस्पतिपेशी पेक्टिनच्या थराने चिकटलेल्या असतात. हा थर सुटला नाही तर अंगठ्याने कितीही दाबा, पेशी एकमेकींवर थर करूनच राहतात आणि स्लाइडवर लाल गोळ्याशिवाय काही दिसत नाही.

त्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. १०० मिली द्रावणासाठी साधारण ८.५ मिली तीव्र ॲसिड पुरतं. आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड हळूहळू सोडा. उलटं कधीही करू नका, कारण ॲसिडवर पाणी पडलं की ते उसळून अंगावर येतं. परीक्षानळीत हे द्रावण घेऊन नळी ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धरा, द्रावण तापू द्या आणि मग मुळं टाका. जलतापक नसेल तर उकळतं पाणी आणि खोलीच्या तापमानाचं पाणी सारख्या मापाने मिसळा. साठीच्या आसपास पोचतं. थर्मामीटरने एकदा खात्री करून घ्या.

वेळ ५ ते ८ मिनिटं. मूळ सुईने हलकेच दाबून पाहा: शिजलेल्या भातासारखं दबलं तर झालं. कमी वेळ दिला तर पेशी सुटत नाहीत. जास्त दिला तर मूळ चिमट्यात धरताच विरघळतं आणि गुणसूत्रं रंगही नीट घेत नाहीत. नंतर मुळं साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवा.

रंग देणं

ॲसिटोकार्मिन बाजारात तयार मिळतं. घरचं करायचं तर ४५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५५ मिली पाणी आणि १ ग्रॅम कार्मिन मंद आचेवर उकळून, गार करून, गाळून घ्यावं. गाळायचा कंटाळा केला की स्लाइडवर काळपट कण पसरतात आणि नवशिके त्यांनाच गुणसूत्रं समजतात. लोहाचा अंश असला की कार्मिन गुणसूत्रांवर जास्त गडद चढतं. जुने प्रयोगशाळा-साहाय्यक गंजलेल्या सुईने रंग ढवळायचे, ते उगाच नव्हे. ॲसिडच्या वाफा घशाला झोंबतात, त्यामुळे हे काम खिडकीजवळ करावं.

वॉच ग्लासमध्ये मुळं बुडतील इतका रंग घ्या, झाकण ठेवा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. मधूनमधून स्पिरिटच्या दिव्यावर वॉच ग्लास हलकेच फिरवा. वाफ दिसू लागली की बाजूला घ्या, उकळू देऊ नका. अल्कोहोलची बाटली या दिव्यापासून लांब असावी, हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

रंग चढला की मुळाचं अगदी टोक बाकीच्या भागापेक्षा स्पष्टपणे गडद दिसतं. तिथल्या पेशी लहान असतात, केंद्रकं मोठी आणि दाट असतात, म्हणून. कुठे कापायचं याचा पत्ता तोच.

दाबणं

स्वच्छ स्लाइडवर ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब घ्या. त्यात मूळ ठेवा, गडद टोकाचा एक ते दोन मिलिमीटर भाग ब्लेडने कापून घ्या आणि उरलेलं मूळ फेकून द्या. मन मोठं करून फेका. जास्तीचा तुकडा राहिला की कव्हरस्लिप उचललेली राहते आणि टोक नीट पसरत नाही.

कव्हरस्लिप एका कडेने टेकवून तिरकी खाली सोडा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिच्यावर हलके, सरळ ठोके द्या. तुकडा ढगासारखा पसरत जाताना दिसेल. मग टीपकागदाची दुहेरी घडी वर ठेवून अंगठ्याने थेट खाली दाबा. कव्हरस्लिप बाजूला सरकता कामा नये. ती सरकली की पेशी वळकट्यांसारख्या गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रं तुटून विखुरतात. त्या स्लाइडवर वेळ घालवण्यापेक्षा नवं टोक घ्यावं. कडांना नेलपॉलिश लावलं तर स्लाइड दोन-चार दिवस टिकते.

आता पाहायचं काय

आधी १०च्या भिंगाखाली फिरून चौकोनी, लहान पेशींचा भाग शोधा. लांबट आयताकृती पेशी किंवा स्प्रिंगसारखी वळणं असलेल्या नळ्या दिसल्या तर तुम्ही विभाजी पट्ट्याच्या मागे आहात. त्या नळ्या म्हणजे पाणी वाहणाऱ्या वाहिन्या. योग्य भाग सापडला की ४५च्या भिंगावर या आणि प्रकाश थोडा कमी करा. झगझगीत उजेडात फिकट केंद्रकं दिसेनाशी होतात.

बहुसंख्य पेशी अंतरावस्थेत असतील, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात. त्यांत गोल केंद्रक, आत बारीक दाणेदार रंग आणि एक-दोन फिकट गोल ठिपके, म्हणजे केंद्रकी, दिसतात. या पेशींना ‘विश्रांती घेणाऱ्या’ म्हणायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्यावी. याच काळात पेशी वाढते, डीएनएची प्रत काढते आणि विभाजनाची तयारी करते.

पूर्वावस्थेत केंद्रकात गुंतवळासारखे धागे दिसतात. १८८२ मध्ये वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने, सॅलमँडरच्या पेशी पाहून, या प्रक्रियेला ‘मायटोसिस’ नाव दिलं ते धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. आपल्या ‘सूत्री विभाजन’मधलं सूत्रही तेच. धागे जाड होत जातात, केंद्रकी नाहीशी होते, केंद्रकाचं आवरण विरतं.

मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मधल्या प्रतलावर येतात. पुस्तकात ती नेहमी बाजूने पाहिलेली, एका आडव्या पट्टीत असतात. तुमच्या स्लाइडवर काही पेशी वरून पाहिल्यासारख्या पडलेल्या असतील. त्यांत गुणसूत्रं पेशीच्या मधोमध, चांदणीसारखी बाहेर हात पसरून बसलेली दिसतात. अशा पेशीला विद्यार्थी हमखास पूर्वावस्था म्हणतात. फरक ओळखायची खूण अशी: पूर्वावस्थेतले धागे गोल केंद्रकाच्या हद्दीत गच्च भरलेले असतात, मध्यावस्थेत तुकडे आखूड, जाड आणि सुटे असतात.

पश्चावस्था ओळखायला सर्वांत सोपी आणि सापडायला अवघड, कारण ती लवकर उरकते. प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रं, म्हणजे त्याच्या दोन सारख्या प्रती, गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे जिथे त्या जोडलेल्या असतात तिथे, सुटतात आणि दोन टोकांकडे ओढली जातात. ओढ गुणसूत्रबिंदूला असल्यामुळे तो पुढे, हात मागे, आणि गुणसूत्र इंग्रजी व्ही अक्षरासारखं वाकतं. एखादं गुणसूत्र मागे रेंगाळलेलं किंवा दोन गटांमध्ये पूल झालेलं दिसलं तर तेही जर्नलमध्ये टिपा. ती विभाजनातली खरी बिघाडं असू शकतात.

अंत्यावस्थेत दोन टोकांना दोन गोळे आणि त्यांच्यामध्ये नवी भिंत उभी राहू लागलेली. प्राणिपेशी मध्यावर आवळत जाऊन तुटते. वनस्पतिपेशीला कठीण भित्तिका असल्याने तिला ते जमत नाही, म्हणून पेशीपट्टिका मध्यातून सुरू होऊन कडांकडे वाढते. ती पूर्ण झाली आणि दोन्ही केंद्रकं गोल झाली की त्या दोन स्वतंत्र कन्यापेशी मोजायच्या. यात सगळ्यांचं एकमत होत नाही. एकच नियम ठरवून शेवटपर्यंत पाळला की झालं.

आकृती काढताना दिसलं तेवढंच काढा. तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना टोकांकडे ओढणारे धागे, ॲसिटोकार्मिनने रंगत नाहीत, तुमच्या स्लाइडवर ते दिसणार नाहीत. प्राणिपेशीत तर्कुतंतूंच्या टोकांशी असणारी तारककेंद्र तर कांद्याच्या पेशीत नसतातच. तरी दरवर्षी जर्नलांत कांद्याच्या पेशीला झोकात तारककेंद्र काढलेले असतात, आणि परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

आकड्यांचा गोंधळ

तोंडी परीक्षेत अडकवणारा भाग हा. अंतरावस्थेत डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रांची संख्या मात्र १६च राहते, कारण दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या असतात. मध्यावस्थेत गुणसूत्रं १६, अर्धगुणसूत्रं ३२. पश्चावस्थेत जोड सुटली की प्रत्येक प्रत स्वतंत्र गुणसूत्र ठरते, म्हणून त्या एका पेशीत तेवढ्यापुरती ३२ गुणसूत्रं असतात, प्रत्येक टोकाला १६. मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, हात नव्हेत. एवढं धरून ठेवलं की कुठल्याही सजीवाचं गणित सुटतं.

विभाजनांक

एका पेशीकडे टक लावून तिचं विभाजन या स्लाइडवर पाहता येत नाही, ती मेलेली आहे. पण गर्दीवरून वेळेचा अंदाज काढता येतो. जी अवस्था जास्त वेळ चालते, तिच्यात कोणत्याही क्षणी जास्त पेशी सापडतात.

वेगवेगळ्या ठिकाणची किमान पाच दृश्यक्षेत्रं घेऊन त्यांतल्या सगळ्या पेशी मोजा. समजा, ५०० पेशींत पूर्वावस्था २४, मध्यावस्था ६, पश्चावस्था ४ आणि अंत्यावस्था ६ सापडल्या. विभागणाऱ्या पेशी ४०, म्हणजे विभाजनांक ८ टक्के. पेशीचक्र, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचा काळ, २० तासांचं किंवा १२०० मिनिटांचं धरलं, तर पूर्वावस्थेला २४ भागिले ५०० गुणिले १२००, सुमारे ५८ मिनिटं. पश्चावस्थेला जेमतेम १० मिनिटं. पश्चावस्था शोधताना मान का दुखते ते यावरून कळावं. हे गणित ढोबळ आहे, आणि पेशी आपापल्या वेळेने विभागतात हे त्यात गृहीत आहे. फक्त छान दिसणारी क्षेत्रं निवडून मोजली तर आकडा फुगतो.

स्लाइड फसली तर

सगळ्याच पेशी अंतरावस्थेत असतील तर आधी टोक बरोबर कापलं होतं का ते पाहा. उलटं, म्हणजे कापलेल्या बाजूचं टोक घेणारे कमी नाहीत. टोक योग्य असेल तर दुसऱ्या वेळेची बाटली उघडा, आणि तीही रिकामी गेली तर कांदा बदला. सगळं एकसारखं लालभडक दिसत असेल तर रंग जास्त झाला आहे. कव्हरस्लिपच्या एका कडेला ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टीपकागद लावून तो आतून ओढून घ्या; पेशीद्रव फिका पडतो, गुणसूत्रं रंग धरून राहतात. पेशी फिक्याच राहिल्या तर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जास्त वेळ गेला किंवा धुणं राहिलं.

मध्यावस्था भरपूर हव्यात म्हणून कोल्चिसिन वापरतात. ते तर्कुतंतू घडूच देत नाही, त्यामुळे गुणसूत्रं वेगळी न होता पेशीत विखुरलेली राहतात आणि मोजायला सोपी जातात. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच विष असतं. ते अगदी थोडं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून शाळेत आणि घरी याचा प्रयोग नको. नुसत्या विभाजनासाठी त्याची गरजही नाही.

अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, कांद्याच्या मुळांमध्ये कधीच दिसणार नाही. त्यासाठी बियाण्याच्या कांद्याला येणारे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, लागतात. न उमललेल्या, वेगवेगळ्या आकारांच्या कळ्या त्याच स्थिरकात टाका, लहान कळीतले परागकोश काढून ॲसिटोकार्मिनच्या थेंबात सुईने फोडा आणि टरफलं बाजूला करा. इथे हायड्रोक्लोरिक ॲसिडची गरज पडत नाही. परागकोश पिवळे झाले असतील तर उशीर झाला, आत तयार परागकण सापडतील. मग त्याच डोंगळ्यातली आणखी लहान कळी घ्या. वेळ साधली तर गुणसूत्रांच्या ८ जोड्या दिसतील, आणि थोड्या मोठ्या कळीत चार-चार पेशींचे गट.